एचआरटीला, म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांना, मनाई आहे, मग या वाफांचं काय करायचं?

प्रश्न: माझं वय ४८. दीड वर्षापूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, लाइट (रेडिएशन) सगळं झालं. आता कॅन्सर उलटू नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेन २० ची एक गोळी चालू आहे, ती निदान पाच वर्षं घ्यायची आहे. केमोत पाळी गेली ती गेलीच, चौदा महिने झाले. दिवसातून नऊ-दहा वेळा छातीतून वर वाफ येते, चेहरा लालभडक होतो, घामाच्या धारा लागतात. मी बँकेत काउंटरवर असते. समोर माणूस उभा आणि मी रुमालाने तोंड पुसत बसलेली. रात्री दोन-तीनदा गाऊन बदलावा लागतो. खाली कोरडेपणा इतका, की मिस्टरांना जवळ येऊ देत नाही. जाऊबाई हार्मोनच्या गोळ्या घेऊन ठणठणीत आहेत, मला मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. फॅमिली डॉक्टरांनी व्हेनलाफॅक्सिन लिहून दिली. गूगलवर पाहिलं तर ती डिप्रेशनची निघाली. मला काय वेड लागलंय? पाकीट तसंच कपाटात पडून आहे. शेजारच्या काकू शतावरीच्या आणि सोयाच्या कॅप्सूल घे म्हणतात. रोज गुलकंद खाते, सब्जा पिते, पण उष्णता काही उतरत नाही. काय करू?
एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर: ताई, गुलकंदापासूनच सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच आहे. तुमच्या अंगात उष्णता साठलेली नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तापमान थोडंफार वरखाली झालं तरी तो चालवून घेतो. इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन कमी झालं की तिथल्या काही पेशी अतिउत्साही होतात आणि ही चालवून घेण्याची पट्टी फार अरुंद होते. मग एक घोट गरम चहा, काउंटरवरची गर्दी किंवा रात्री अंगावर ओढलेली चादर एवढ्यानेही 'फार तापलं' असा हुकूम सुटतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. टॅमॉक्सिफेन मेंदूतही इस्ट्रोजेनची वाट अडवतं, त्यामुळे तुमचा त्रास जाऊबाईंपेक्षा जास्त आहे. सब्जा आवडत असेल तर प्या. गुलकंदात बरीचशी साखर असते, तेवढं लक्षात असू द्या. दोन्हींपैकी काहीच हायपोथॅलॅमसपर्यंत पोचत नाही.

डॉक्टरांची मनाई योग्य आहे. स्तनाच्या कॅन्सरनंतर एचआरटी देऊन पाहणारी 'हॅबिट्स' नावाची चाचणी स्कँडिनेव्हियात चालू होती. हार्मोन घेणाऱ्या गटात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि २००३ च्या डिसेंबरात ती मध्येच थांबवावी लागली. टिबोलोन नावाची गोळी 'ही काही साधी एचआरटी नव्हे' म्हणून कुणी सुचवलीच, तर तिच्यावरच्या 'लिबरेट' या चाचणीतही कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं. तीही नको.

एचआरटी एकाच वेळी चार कामं करते: वाफा थांबवते, झोप सुधारते, खालचा कोरडेपणा घालवते आणि हाडं राखते. बिनहार्मोनचा असा एकही उपाय नाही जो ही चारही कामं करतो. 'एचआरटीऐवजी काय घेऊ' असं विचारलं की माणूस एकच जादूची कॅप्सूल शोधत राहतो आणि काकूंच्या सल्ल्यापाशी येऊन थांबतो. म्हणून प्रत्येक तक्रार वेगळी काढायची आणि तिच्यापुरता उपाय करायचा.

त्याआधी एक खात्री करून घ्या. रात्रीचा घाम दरवेळी रजोनिवृत्तीचाच असतो असं नाही. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा कारण नसताना उतरणारं वजन यांपैकी काही सोबत असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लगेच. आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही.

आता वही. औषध सुरू करण्याआधी निदान एक आठवडा प्रत्येक वाफ लिहून ठेवायची. वेळ, त्याआधी काय चाललं होतं आणि जोर किती: हलकी असेल तर १, घाम फुटला तर २, हातातलं काम थांबवावं लागलं किंवा कपडे बदलावे लागले तर ३. दिवसाअखेर बेरीज. समजा नऊ वाफा आल्या, चार हलक्या, तीन मध्यम, दोन जोराच्या, तर ४ + ६ + ६ म्हणजे १६. हा खटाटोप कशासाठी? या तक्रारीत साखरेची गोळी दिली तरी बऱ्याच बायकांना बरं वाटतं. आकडा नसेल तर महिन्याने औषध चालतंय की नाही हे सांगता येत नाही, आणि निरुपयोगी कॅप्सूलवर वर्षभर पैसे जातात.

कपाटातलं पाकीट बाहेर काढा. व्हेनलाफॅक्सिन नैराश्यासाठी वापरतात हे खरं आहे. पण मेंदूतली जी रसायनं मनःस्थिती सांभाळतात तीच तापमानाच्या यंत्रणेतही काम करतात, म्हणून ती इथे चालते. ॲस्पिरिन डोकेदुखीला देतात आणि हृदयविकारातही देतात, त्यातलाच प्रकार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत बहुतेक स्त्रिया तुमच्यासारख्याच, स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या होत्या. चार आठवड्यांत वहीतला आकडा नुसत्या साखरेच्या गोळीने २७ टक्के उतरला, ३७.५ मिलिग्रॅमने ३७ टक्के आणि ७५ मिलिग्रॅमने ६१ टक्के. १५० मिलिग्रॅमनेही ६१ च. म्हणजे ७५ च्या पुढे गेलं की वाफांना जादा फायदा नाही, फक्त त्रास वाढतो.

घेण्याची रीत अशी: सावकाश सुटणारी, ईआर किंवा एक्सआर लिहिलेली ३७.५ ची कॅप्सूल, सकाळी पोटभर नाश्त्यानंतर, एक आठवडा. फोडायची नाही, चावायची नाही. आठ दिवसांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ७५. पहिले चार-पाच दिवस मळमळ होते, तोंडाला कोरड पडते, भूक मंदावते. बायका औषध सोडतात ते नेमक्या याच दिवसांत, आणि बहुतेकींची मळमळ आठवडा-दोन आठवड्यांत जाते. नैराश्यात परिणाम दिसायला महिना लागतो, वाफांवर मात्र तो एक-दोन आठवड्यांतच दिसतो. चार आठवड्यांत आकडा अर्ध्यावर आला नाही तर हे औषध तुमचं नाही असं समजून दुसरं पाहायचं. रक्तदाब सुरू करण्याआधी, दोन आठवड्यांनी आणि डोस वाढवल्यावर मोजायचा, कारण तो चढू शकतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप यासोबत घेऊ नका. मेडिकलवाल्याला आधी सांगा की मी व्हेनलाफॅक्सिनवर आहे.

आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होतो आणि माणसाला वाटतं की औषधाची सवय लागली. ७५ वरून ३७.५, तिथे एक-दोन आठवडे, मग बंद, असं उतरायचं. गावाला जाताना पाकीट विसरलं तरी हेच होतं, म्हणून चार कॅप्सूल पर्समध्ये असू द्या.

इथे एक मोठा खड्डा आहे. वाफांसाठी अमेरिकेत २०१३ मध्ये खास मान्यता मिळालेली पहिली बिनहार्मोनची गोळी पॅरोक्सेटिन होती, ७.५ मिलिग्रॅमची. त्यामुळे एखादे डॉक्टर चांगल्या हेतूने तीच लिहून देतील. तुम्हाला ती चालणार नाही. टॅमॉक्सिफेन यकृतात जाऊन एन्डोक्सिफेन बनतं तेव्हा त्याचा खरा जोर येतो, आणि ते बनवणारं सीवायपी२डी६ हे एन्झाइम पॅरोक्सेटिन दाबून टाकतं. म्हणजे वाफा थांबतील, पण कॅन्सरविरुद्धची गोळी दुबळी पडेल. फ्लुऑक्सेटिनचं तेच, सिगारेट सोडवायला देतात त्या ब्युप्रोपिऑनचंही तेच. व्हेनलाफॅक्सिन या एन्झाइमच्या वाटेला फारसं जात नाही, म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांची निवड अचूक आहे. व्हेनलाफॅक्सिन सहन झालंच नाही तर एस्सिटालोप्राम हा नैराश्याच्याच औषधांतला दुसरा पर्याय.

त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर गॅबापेन्टिन. झोपताना ३०० मिलिग्रॅम, आठवड्याने दिवसाला ९०० पर्यंत. स्तनाच्या कॅन्सरच्या ४२० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९०० ने फरक पडला, दिवसाला नुसत्या ३०० ने फारसा नाही. गुंगी येते, हा तोटा आहे आणि झोपेपुरता फायदाही. रात्री बाथरूमला उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा, मग उभ्या राहा. अॅसिडिटीचं पांढरं औषध घेत असाल तर त्यानंतर दोन तासांनी गॅबापेन्टिन, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. लघवीच्या घाईसाठी देतात ती ऑक्सिब्युटिनिन २.५ किंवा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतली तर वाफा चांगल्या उतरतात, पण तोंड कोरडं, बद्धकोष्ठ आणि उतारवयात विसराळूपणा. तिचा नंबर तिसरा. क्लोनिडिन जुनं औषध आहे, आता फारसं कुणी सुचवत नाही.

नव्या गोळ्यांविषयी बातम्यांत वाचलं असेल. फेझोलिनेटंट थेट हायपोथॅलॅमसमधल्या त्या अतिउत्साही पेशींवर काम करतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०२४ च्या डिसेंबरात यकृताच्या इजेचा ठळक इशारा त्यावर छापावा लागला. सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरल्या वेळी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. त्याच घराण्यातल्या एलिन्झानेटंटची चाचणी हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्या स्तन-कॅन्सरच्या स्त्रियांवरच झाली आणि २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष चांगले आले. कॅन्सरच्या डॉक्टरांना हे नाव जरूर विचारा, मात्र बाहेरगावच्या कुणाकडून परस्पर मागवून घेऊ नका.

काउंटरवरच्या प्रसंगासाठी गोळीइतकंच उपयोगी पडतं ते सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलण्याचं प्रशिक्षण. लंडनमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा दीड तास, असे सहा आठवडे गटात शिकवलं. वाफांची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांचा जाच निम्म्याजवळ आला. वाफ येतेय असं जाणवलं की खांदे खाली सोडायचे, जबडा सैल करायचा, पोटाने सावकाश श्वास घ्यायचा आणि घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा. हाताने वारा घालण्याची धडपड थांबवायची, कारण घाईनेच वाफ वाढते. सोबत मनातलं वाक्य बदलायचं. 'सगळे माझ्याकडेच बघताहेत' याऐवजी 'दोन-चार मिनिटांत ओसरेल, हातातली नोटांची गड्डी मोजून होईल तोवर'. खरं सांगायचं तर समोरच्या ग्राहकाचं सगळं लक्ष त्याच्या पासबुकात असतं. हा श्वास वाफ नसताना रोज दोनदा दहा-दहा मिनिटं घोटवावा लागतो, ऐन वेळी पहिल्यांदा केला तर जमत नाही. नुसत्या श्वासाने वाफांची संख्या कमी होत नाही, हेही चाचण्यांत दिसलं आहे. सगळं एकत्र चालतं. कॅन्सर रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना 'हॉट फ्लशसाठी (म्हणजे वाफांसाठी) सीबीटी' असं नाव घेऊन विचारा. क्लिनिकल हिप्नोसिसलाही, म्हणजे संमोहनालाही, पुरावा चांगला आहे. टेक्सासमधल्या गॅरी एल्किन्स यांच्या २००८ च्या चाचणीत पाच आठवडी बैठकांनंतर आकडा सुमारे ६८ टक्क्यांनी उतरला. पण तो प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच, लग्नसमारंभात खेळ करणाऱ्याकडून नव्हे.

उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये या सगळ्या उपायांचा आढावा घेतला. योगासनं, व्यायाम, मसालेदार पदार्थ टाळणं, पंखा-थंड पाणी यांना वाफा कमी करणाऱ्या उपायांत जागा मिळाली नाही. म्हणून ते सोडायचं असं नाही. चालण्याने झोप, वजन आणि हाडं यांना फायदा होतो, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने वाफाही काही प्रमाणात कमी होतात. मात्र 'मी मिरची सोडली तरी वाफ आली, माझंच काही चुकतंय' असं स्वतःला लावून घेऊ नका. वहीत तिखटानंतर खरंच वाफा दिसल्या तरच तिखट कमी करा. बऱ्याच जणींच्या वहीत तिखटापेक्षा वाफाळता चहा सापडतो. तो दहा मिनिटं निवू द्या.

रात्रीचं म्हणाल तर फोमची गादी आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर उष्णता कोंडून धरतं. वर सुती गोधडी आणि तिच्यावर धुवट सुती चादर घाला. सॅटिनचा गाऊन नको, दोन पातळ सुती गाऊन आणि एक पंचा उशाशी ठेवा. दिवा न लावता, न चालता बदलता आला पाहिजे. कपाटापर्यंत गेलात की झोप पुरती उडते. वीस मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळू नका, बाहेर येऊन बसा, पेंग आली की परत जा. उठायची वेळ मात्र रविवारीही तीच. दुपारची डुलकी बंद.

कोरडेपणाला वाफांची गोळी उपयोगी पडत नाही, त्याचे उपाय वेगळे. मेडिकलमध्ये दोन निरनिराळ्या वस्तू मिळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. व्हजायनल मॉइश्चरायझर, हायल्युरॉनिक अॅसिड किंवा पॉलिकार्बोफिलचं, आठवड्यातून दोन-तीन रात्री संबंधांशी काही देणंघेणं न ठेवता लावायचं, आत आणि बाहेरच्या ओठांवरही. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात. ल्युब्रिकंट फक्त संबंधांच्या वेळी, दोघांनीही लावायचं. पाण्याचं जेल मध्येच सुकतं. तेव्हा आणखी जेल ओतण्यापेक्षा चार थेंब पाणी लावा, ते पुन्हा ओलं होतं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं. लावल्यावर जळजळ झाली तर ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त असेल, ब्रँड बदला. साबण, सुगंधी वॉश, डेटॉलचं पाणी आजपासून बंद, त्यांनी कोरडेपणा वाढतो. योनीच्या तोंडाशीच भाजल्यासारखं दुखत असेल तर ४ टक्के लिग्नोकेनचं पाण्यासारखं द्रावण कापसावर घेऊन तिथे तीन मिनिटं धरायचं, मग संबंध. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या स्त्रियांवर याची चाचणी झालेली आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जागा एकदा दाखवून घ्या. दुखण्याच्या भीतीने खालचे स्नायू आवळून धरायची सवय लागली असेल तर कीगलचे, म्हणजे ते स्नायू आवळण्याचे, व्यायाम उलट पडतात, आधी सैल सोडायला शिकावं लागतं. इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या प्रकाराचं मलम अंगात थोडंच शोषलं जातं हे खरं, पण तुमच्या बाबतीत तो निर्णय वरचं सगळं करून झाल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांसोबत घ्यायचा, परस्पर नाही.

पत्रात नाही, पण सांगायला हवं: केमोत गेलेली पाळी पन्नाशीच्या आत कधीकधी परत येते, आणि टॅमॉक्सिफेनवर दिवस राहणं गर्भासाठी धोक्याचं आहे. कॉपर-टी किंवा कंडोम वापरा. कंडोम असेल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको, रबर फाटतं.

काकूंच्या कॅप्सूल राहू द्या. सोयाबीन, टोफू जेवणात खायला हरकत नाही. आयसोफ्लेव्होन या सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकाचा अर्क काढलेल्या कॅप्सूल नकोत. जवसाची चटणी खुशाल खा, पण जवसाने वाफा थांबत नाहीत, तेही तपासून झालं आहे. शतावरी टॅमॉक्सिफेनसोबत निर्धोक आहे असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. अश्वगंधा आणि ब्लॅक कोहोश ही परदेशी वनस्पती यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अशोकारिष्टात आसवाचा अल्कोहोल असतो, बाटलीवर छापलेलंही असतं, आणि अल्कोहोलने वाफा उसळतात. हळदीच्या कर्क्युमिन कॅप्सूलने रक्तातलं एन्डोक्सिफेन काही टक्क्यांनी घटतं. फोडणीतल्या हळदीची काळजी करू नका.

हाडांसाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, एकदा करून घ्या. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, शक्यतो जेवणातून: शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, मोठ्या पेलाभर दुधात तीनशे. डी जीवनसत्त्वाची ६०,००० ची पुडी आठवड्याला एक, ती डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच. वर्षानुवर्षं घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

पुढच्या भेटीला वही आणि चालू औषधांची सगळी पाकिटं घेऊन जा, शतावरीचं असेल तर तेही. वाफांना कंटाळून टॅमॉक्सिफेन मध्ये मध्ये चुकवत असाल तर ते लपवू नका, डॉक्टरांकडे त्यावर उपाय आहेत. आणि चौदा महिन्यांनंतर आता कपड्यांना रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी 'पाळी आली असेल' म्हणून थांबू नका. टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं, म्हणून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या.